नऊ हजार ओळींवरचे भाष्य

संगणकाची आज्ञावली म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची यादी, असे आपण वर्गात सांगतो. हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. आज्ञावलीला यंत्राखेरीज आणखी एक वाचक असतो. ती लिहिणाऱ्यांच्या मागून आलेला माणूस. बँकेची, रेल्वे आरक्षणाची किंवा टेलिफोन केंद्राची आज्ञावली वीस-पंचवीस वर्षे चालू राहते. ती लिहिणारे तोवर बढती मिळून, नोकरी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेले असतात. त्यांच्या जागी नव्याने आलेल्या अभियंत्यापुढे लाखो ओळी असतात आणि त्यांतल्या दोन-चार बदलायच्या असतात. सुरुवात कोठून करायची? कोणती ओळ कशासाठी आहे? कोणती हलवली तर सगळे छप्पर खाली येईल?

शिक्षकांना हा प्रश्न परका वाटू नये. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला चार्ज मिळतो तो कपाटाच्या किल्ल्यांचा, हजेरीपटांचा आणि साहित्याच्या यादीचा. कोणत्या मुलाला फळा दिसत नाही म्हणून तो गप्प बसतो, हे त्या यादीत नसते. संगणकाच्या जगात या चार्जच्या कागदांवर गेल्या साठ वर्षांत बरेच प्रयोग झाले. त्यांपैकी सर्वांत गाजलेला प्रयोग कोणत्याही कंपनीत झाला नाही. तो एका शिक्षकाने आपल्या वर्गासाठी केला आणि नंतर काही वर्षे तो वर्गात वापरण्यावरच बंदी आली. त्याची ही हकीकत आहे.

आधी एक उलटे उदाहरण पाहू. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनी आपल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेसाठी ओएस/३६० ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार करत होती. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची स्मृती, तबकड्या आणि छपाईयंत्र यांची वाटणी करणारी, एकाच वेळी चाललेल्या अनेक कामांना पाळीपाळीने वेळ देणारी मूलभूत आज्ञावली. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ठरवले, की प्रत्येक प्रोग्रॅमरला संपूर्ण प्रकल्पाची माहिती असली पाहिजे. म्हणून प्रत्येकाच्या टेबलाशी प्रकल्पाची एक सामायिक नोंदवही ठेवण्यात आली. सहा महिन्यांत तिची जाडी पाच फूट झाली! मॅनहॅटनमधल्या त्यांच्या कचेरीत अशा सुमारे शंभर प्रती होत्या. त्या एकावर एक रचल्या असत्या तर ती उतरंड इमारतीच्याही वर गेली असती, असा हिशेब ब्रुक्स यांनीच १९७५ च्या आपल्या पुस्तकात मांडला आहे. रोज सुमारे दीडशे बदललेली पाने येत आणि ती जागच्या जागी लावण्यातच वेळ जाई. शेवटी सगळे मायक्रोफिशवर न्यावे लागले.

या वहीत माहितीची कमतरता नव्हती. तरी उद्या सकाळी कामावर रुजू होणाऱ्या मुलाने त्या पाच फुटांतले कोणते पान आधी उघडावे, याचे उत्तर जाडी वाढवून मिळत नाही. उशीर झालेल्या प्रकल्पावर नवी माणसे नेमली तर तो आणखी रखडतो, हे ब्रुक्स यांचे प्रसिद्ध निरीक्षण. त्याचे एक कारण हेच, की नव्यांना शिकवण्यासाठी जुन्यांना आपले काम बाजूला ठेवावे लागते.

आता युनिक्सकडे वळू. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची बेल प्रयोगशाळा होती. तेथे केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली. सुरुवातीला ती यंत्राच्या अगदी जवळच्या असेंब्ली भाषेत होती. १९७३ साली तिचा बहुतेक भाग रिची यांनी तयार केलेल्या ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिला गेला. सी भाषेतला मजकूर माणसाला सरळ वाचता येतो, आणि आपल्या कथेत हीच गोष्ट महत्त्वाची आहे. जुलै १९७४ मध्ये थॉम्सन आणि रिची यांनी अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या मासिकात युनिक्सवर लेख लिहिला आणि जगभरच्या विद्यापीठांतून टपाल येऊ लागले.

१९५६ साली न्यायालयात झालेल्या एका तडजोडीनुसार एटी अँड टीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विकण्यात कंपनीला रस नव्हता. विद्यापीठांना नाममात्र शुल्कात परवाना मिळे आणि एक टेप येई. त्या टेपवर युनिक्सची मूळ संहिता असे. प्रोग्रॅमर मंडळी जिला सोर्स कोड म्हणतात, तीच ही. कंपनी मदत करणार नाही, चुका दुरुस्त करून देणार नाही, असे आधीच बजावलेले असे. सोबत वापरकर्त्यांसाठी एक माहितीपुस्तक मिळे. ते उत्तमच होते. प्रत्येक आज्ञेचे एक पान, आणि त्या पानावर त्या आज्ञेतले ज्ञात दोषही प्रामाणिकपणे नोंदलेले. पण हे झाले गाडी चालवणाऱ्याचे पुस्तक. बॉनेट उघडून आत पाहणाऱ्यासाठी काहीच लिहिलेले नव्हते. बेल प्रयोगशाळेत त्याची गरजही नव्हती. शंका आली तर चार पावलांवर रिची किंवा थॉम्सन यांची खोली होती.

हा ‘चार पावलांचा’ मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७५-७६ मध्ये थॉम्सन वर्षभर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पाहुणे प्राध्यापक होते. तेथील विद्यार्थ्यांना खुद्द कर्ताच भेटला. पुढे बर्कलीची स्वतःची युनिक्स नावारूपाला आली, त्यात या वर्षाचा वाटा मोठा होता. सिडनीला असे भाग्य नव्हते. न्यू जर्सीपासून सिडनी सुमारे सोळा हजार किलोमीटर दूर.

सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात केन रॉबिन्सन या अध्यापकांनी तो लेख वाचून रिची यांना पत्र लिहिले आणि युनिक्सची टेप मागवली. त्यांचे सहकारी होते जॉन लायन्स. लायन्स यांचा जन्म १९३७ चा. सिडनी विद्यापीठाची पदवी, मग केंब्रिजची डॉक्टरेट, काही वर्षे कॅनडात आणि अमेरिकेत नोकरी, आणि १९७२ पासून या विद्यापीठात अध्यापन. ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवण्याची त्या वेळची रीत अशी होती, की एखादे क्रमिक पुस्तक घ्यायचे, तत्त्वे सांगायची, आकृत्या काढायच्या आणि फार तर एक खेळण्यातली लहानशी प्रणाली विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायची. खऱ्याखुऱ्या प्रणालीचे आतडे कोणी उघडून दाखवत नसे. बहुतेक कंपन्या ते दाखवू देत नसत, आणि दाखवले असते तरी लाखो ओळी एका सत्रात वाचणार कोण?

युनिक्सची सहावी आवृत्ती हाती आल्यावर लायन्स यांच्या लक्षात आले, की हिचा गाभा दहा हजार ओळींहूनही लहान आहे. म्हणजे विद्यार्थ्याच्या दप्तरात मावेल एवढा! मग तो वाचूनच का घेऊ नये? १९७६ साली त्यांनी पदवी आणि पदव्युत्तर अशा दोन अभ्यासक्रमांसाठी टिपणे काढली आणि १९७७ मध्ये ती सुधारून दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत युनिक्सच्या गाभ्याची मूळ संहिता, दुसरीत तिच्यावरचे भाष्य.

या पुस्तिकांच्या रचनेकडे जरा सावकाश पाहू, कारण सगळी मौज तीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या पुस्तिका. भाष्य संहितेच्या ओळींमध्ये घुसडलेले नाही. एक पुस्तिका डाव्या हाताला उघडी ठेवायची, दुसरी उजव्या. भाष्य एकटे वाचून काहीही कळत नाही. ते सतत ‘अमुक ओळ पाहा’ असे सांगत वाचकाला संहितेकडे पाठवते. त्यासाठी सगळ्या ओळींना सलग चार अंकी क्रमांक दिले. पानावर दोन स्तंभ, प्रत्येक स्तंभात पन्नास ओळी. म्हणजे एका पानावर शंभर ओळी, आणि क्रमांकाचे पहिले दोन अंक हाच पानाचा क्रमांक. ओळ २२३८ हवी असेल तर पान २२ उघडा. किती साधी युक्ती! पण ज्याने जाड्या संहितेत बोट घालून शोधाशोध केली आहे, त्यालाच ती सुचते.

दुसरी गोष्ट निवडीची. लायन्स यांनी टेपवरचे सगळे छापले नाही. पीडीपी-११/४० हा संगणक, एक तबकडी, एक छपाईयंत्र, कागदी फितीचे एक यंत्र असा ठरावीक संच घेतला आणि तो चालवायला लागतो तेवढाच भाग ठेवला. इतर उपकरणांच्या आज्ञावल्या गाळल्या. गाळायचे काय, हे ठरवणे हे लिहिण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. वर्गात शिकवणाऱ्याला ते ठाऊक असते. कचेरीतल्या नोंदवह्या लिहिणाऱ्यांना ते सहसा ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट क्रमाची. यंत्राला फायलींचा क्रम कसाही चालतो, माणसाला चालत नाही. लायन्स यांनी फायली नव्याने रचून पाच विभाग केले. प्रक्रिया कशा जन्मतात आणि त्यांना पाळी कशी मिळते, हे पहिल्या विभागात. मग कामात आलेले व्यत्यय आणि प्रणालीला केलेल्या विनंत्या. नंतर तबकडी, त्यापुढे फायली आणि त्यांच्या याद्या, आणि शेवटी टंकयंत्रासारखी अक्षर-अक्षर चालणारी उपकरणे. भाष्याच्या आरंभी एक प्रकरण केवळ सी भाषा वाचण्यावर आहे; लिहिण्यावर नव्हे. वाचणे हे वेगळे आणि आधी यायला हवे असे कौशल्य आहे, हे त्यांनी ओळखले होते. भाषाशिक्षकांना हे सांगायला नको.

आणि मग संहितेत पाऊल टाकायचे ते कोठून? एखाद्या तर्कशुद्ध माणसाने यंत्र सुरू होण्याच्या क्षणापासून आरंभ केला असता. लायन्स तसे करत नाहीत. पहिल्या प्रकरणात ते दोन लहान फायली घेतात, आणि त्या उरलेल्या पसाऱ्यापासून जवळजवळ स्वतंत्र आहेत म्हणूनच घेतात. एक मोकळ्या जागेची वाटणी करणारी, दुसरी पडद्यावर किंवा कागदावर संदेश छापणारी. या दोन फायली समजायला बाकी काहीच माहीत असावे लागत नाही. जागा मागणारा आला की मोकळ्या तुकड्यांच्या यादीत पुरेसा मोठा असा पहिला तुकडा शोधायचा आणि त्यातून हवा तेवढा कापून द्यायचा, एवढेच पहिल्या फायलीतले काम. पण ती दहा-वीस ओळींची आज्ञा पूर्ण उलगडली, की विद्यार्थ्याला वाटते, अरे, खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक तुकडा मला कळला! मग पुढच्या प्रकरणात यंत्र सुरू होते. पोहायला शिकवताना आधी उथळ पाण्यात उभे करतात, तसेच हे.

याखेरीज कोणते नाव कोणत्या ओळीवर येते याची संदर्भसूची, शेवटी स्वाध्याय, आणि मधूनमधून टीकाही. ही संहिता बहुतांशी उच्च दर्जाची आहे, असे लायन्स सांगतात. आणि तरीही जेथे कर्त्यांनी घाई केलेली दिसते, तेथे ते बोट ठेवतात. नवख्याला याचा मोठा आधार असतो. एखादी ओळ विचित्र वाटली तर दोष आपल्या बुद्धीचा नसून ओळीचाही असू शकतो, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

युनिक्सच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध टीप याच संहितेत आहे. मघाशी ओळ क्रमांक २२३८ घेतला तो उगाच नव्हे. एका प्रक्रियेकडून दुसरीकडे जाण्याचे काम करणारी एक आज्ञावली तेथे आहे. आपल्या जोडवर्गाच्या शाळेत एकच शिक्षक तिसरी आणि चौथी असे दोन वर्ग सांभाळतो. तिसरीला गणित घातले, खूण ठेवली, चौथीत गेला. तेथे मघाची खूण पाहून धडा पुढे सुरू. संगणकाचा प्रोसेसर हेच सेकंदात अनेक वेळा करतो. ही आज्ञावली मात्र एक चमत्कारिक गोष्ट करते. आज्ञावलीचा तुकडा संपला की ज्याने तो बोलावला त्याच्याकडे परत जायचे, असा नियम. येथे परत जाणे होते ते दुसऱ्याच प्रक्रियेने पूर्वी खूण ठेवलेल्या जागी. तिसरीच्या वर्गाचे दार उघडून बाहेर पडावे आणि पाऊल पडावे ते चौथीच्या फळ्यापुढे, असे काहीसे. तेथे मूळ कर्त्यांनी हे थोडक्यात लिहून शेवटी अशी टीप जोडली आहे, की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही.

ही टीप जगभर विनोद म्हणून फिरली. अंगरख्यांवरही छापली गेली. अनेकांना ती उर्मट वाटली. रिची यांनी नंतर खुलासा केला, की तिचा रोख आव्हान देण्याचा नव्हता. शिक्षक जसे ‘हे परीक्षेला नाही’ म्हणतात तसा होता. पण त्यांनी पुढे जे सांगितले ते अधिक मोलाचे आहे. तेथे नेमके काय चालले आहे ते आम्हालाही नीट कळलेले नव्हते, असे ते म्हणाले. ही युक्ती पीडीपी-११ वर चालत होती याचे कारण त्या यंत्रासाठीचा सी भाषेचा अनुवादक प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आणि शेवटी एकाच ठरावीक पद्धतीने नोंदी साठवत असे आणि परत घेत असे. पुढे युनिक्स इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या घडणीच्या संगणकावर नेताना ती पद्धत बदलली आणि युक्ती मोडली. सातव्या आवृत्तीत तो भाग नव्याने लिहावा लागला. ज्या ठिकाणी स्पष्टीकरण देता आले नाही, नेमक्या त्याच ठिकाणी रचना कच्ची होती! लायन्स यांचे भाष्य ती आज्ञावली गाळत नाही. तिच्यातून ते पायरीपायरीने जाते.

आता मूळ प्रश्न. युनिक्सच्या अंतरंगावरचे पहिले मोठे पुस्तक थॉम्सन किंवा रिची यांनी लिहिले नाही, सिडनीच्या एका परक्या माणसाने लिहिले. हा योगायोग नव्हे, असे मला वाटते. कर्त्याला सगळे एकदम दिसत असते. वाचक कोठे अडखळेल हे त्याला दिसत नाही, कारण तो स्वतः तेथे कधी अडखळलेला नसतो. लायन्स यांना विचारायला कोणी नव्हते. त्यांनी ती वाट स्वतः चालून काढली आणि पायाला लागलेले दगड ताजे असतानाच टिपणे लिहिली. शिवाय दरवर्षी समोर विद्यार्थी होते. टिपण कोठे तोकडे पडले, हे त्यांचे चेहरे पाहून कळत होते.

आपल्याकडे भाष्य-टीकांची परंपरा जुनी आहे, म्हणून आपल्याला यात नवल वाटू नये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० च्या सुमारास लिहिली. तीतले नियम श्लोकबद्ध आणि आटोपशीर आहेत. ते खरे का, हे मूळ ग्रंथात बहुधा नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून त्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. जवळजवळ चारशे वर्षांनी आलेला नवखा वाचकच तो! ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत मात्र चारशे वर्षे थांबण्याची सोय नसते.

लायन्स यांच्या पुस्तिका परवानाधारक संस्थांमध्ये पोहोचल्या आणि खुद्द बेल प्रयोगशाळेतही त्या नव्या माणसांच्या हाती जाऊ लागल्या. लायन्स १९७८ मध्ये रजेच्या काळात त्या प्रयोगशाळेत काम करून आले. पण वारे बदलत होते. युनिक्सला बाजारात किंमत आहे हे कंपनीला कळू लागले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात अट आली, की संहिता वर्गात शिकवता येणार नाही. भाष्याचे खुले प्रकाशन थांबले. झाले काय, तर झेरॉक्स. विद्यार्थी प्रतींच्या प्रती काढू लागले. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अक्षरे पुसट होत गेलेली, कडेला ओळ क्रमांक अर्धे कापलेले. संगणकशास्त्रात सर्वाधिक वेळा झेरॉक्स झालेले पुस्तक, असा त्याचा लौकिक झाला.

बंदीचा दुसरा परिणाम कंपनीच्या ध्यानीमनीही नसेल. ॲमस्टरडॅममध्ये शिकवणारे अँड्र्यू टॅनेनबाम यांना वर्गात दाखवायला संहिता उरली नाही. त्यांनी स्वतःच युनिक्ससारखी एक लहान प्रणाली लिहिली, तिला ‘मिनिक्स’ नाव दिले आणि १९८७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात तिची संहिता छापली. हे पुस्तक वाचणाऱ्यांत फिनलंडचा लिनस टोर्वाल्ड्स हा विद्यार्थी होता. त्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ सुरू केली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात जी आहे, ती हीच. तिच्यात युनिक्सच्या मूळ ओळी नाहीत; पण संहिता छापायची, वाचायची आणि मग स्वतः लिहायची, ही वाट तीच.

शेवटी १९९६ साली, तेव्हा युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या सांता क्रूझ ऑपरेशन या कंपनीच्या परवानगीने, दोन्ही पुस्तिका एकत्र बांधून उघडपणे प्रसिद्ध झाल्या. वीस वर्षांनंतरही खऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे याहून चांगले विवरण नाही, असा अभिप्राय थॉम्सन यांनी दिला. लायन्स तेव्हा आजारी होते. ५ डिसेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये एका निबंधात म्हटले, की आज्ञावलीचे खरे ज्ञान कागदावर उतरतच नाही. ते ती रचणाऱ्यांच्या डोक्यात असते. त्यांनी दिलेले उदाहरण असे. एका गटाने एक अनुवादक-आज्ञावली लिहिली. तिचा विस्तार करण्याचे काम दुसऱ्या गटाकडे आले. दुसऱ्या गटाला संपूर्ण कागदपत्रे, टिपांसह संहिता आणि रचनेमागची लेखी चर्चा, सगळे दिले होते. तरीही त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेत असलेल्या सोयींचा उपयोग न करता वरून ठिगळे लावणारे होते. पहिल्या गटाच्या लोकांना ते एका नजरेत कळे आणि ते सोपा मार्ग दाखवत. काही वर्षांनी पहिल्या गटाचे मार्गदर्शन संपले. मूळ रचना तेव्हाही दिसत होती, पण भरमसाट जोडकामाखाली ती निकामी झालेली होती.

म्हणजे टिपांसह संहिता हाती असूनही काम बिघडले! मग लायन्स यांचे भाष्य तरी काय करू शकणार? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना नाऊर यांचे म्हणणे चटकन पटते. पीएच. डी. चा विद्यार्थी प्रबंध देऊन जातो, त्याची आज्ञावली मागे राहते, आणि पुढच्या विद्यार्थ्याची पहिली सहा महिने ती उकलण्यात जातात. जुन्याने कितीही लिहून ठेवले तरी नवा त्याला फोन करतोच.

माझ्या मते नाऊर यांचे निदान बरोबर आहे. पण त्यावरून ‘लिहू नये’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. त्यांच्या गोष्टीतली कागदपत्रे कर्त्यांनी लिहिली होती. आपल्याला काय माहीत आहे ते त्यांत होते. लायन्स यांच्या भाष्यात वाचकाला काय माहीत नाही, येथून आरंभ होतो. ते समज तयार करून हातात देत नाही. ओळ क्रमांक देते, वाट दाखवते आणि स्वाध्याय घालते. समज वाचकाने आपल्या डोक्यात नव्याने बांधायची असते, आणि त्यासाठी मजूर तोच, गवंडी तोच. आज कंपन्यांमध्ये नव्या अभियंत्याला रुजू झाल्याबरोबर सांगतात, की पहिल्या काही आठवड्यांत तुला जेथे अडेल ते आमच्या माहितीपत्रात दुरुस्त कर. नव्याच्या अडखळण्याला किंमत आहे, आणि ती लवकर नाहीशी होते, हे त्यामागचे शहाणपण. असा प्रयोग शाळेतही करून पाहता येईल. अपूर्णांकांचा धडा नुकताच समजलेल्या मुलीने तो पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी लिहून ठेवला, तर तीत शिक्षकांना न सुचलेले एखादे वाक्य हमखास सापडेल.

लायन्स यांची पद्धत पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने उचलली. २००२ मध्ये तेथे ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, तो युनिक्सची सहावी आवृत्ती आणि लायन्स यांचे भाष्य समोर ठेवूनच. त्याच वर्षी जुन्या युनिक्सची संहिता मुक्त परवान्याखाली खुली झाली होती. पण पीडीपी-११ हे यंत्र विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेले नव्हते. कालबाह्य यंत्राची भाषा शिकण्यातच वेळ जाई. म्हणून २००६ साली तेथील अध्यापकांनी सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर आधुनिक प्रोसेसरसाठी ‘एक्सव्ही६’ ही छोटी प्रणाली लिहिली आणि तिच्यासोबत भाष्यही. संहितेची पुस्तिका पानाला शंभर ओळी, दोन स्तंभ, चार अंकी क्रमांक अशीच छापली. मुंबईच्या आयआयटीतही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही६ वापरली गेली आहे. प्रक्रिया बदलणारी ती आज्ञावली एक्सव्ही६ मध्ये नव्या पद्धतीने लिहिली आहे, आणि ती समजून घेणे तेथे अभ्यासक्रमातच आहे.